शेगडीभोवतीचा मोसम

८ डिसेंबर २०२३ ला दक्षिण कॅलिफोर्नियातून एक खासगी विमान टोरांटोच्या दिशेने निघालं आणि हजारो माणसं हातातलं काम टाकून मोबाइलवर त्या विमानाचा ठिपका बघत बसली. विमानात शोहेई ओतानी आहे, अशी बातमी पसरली होती. ओतानी म्हणजे पिचिंगही करणारा आणि होम रनही ठोकणारा जपानी खेळाडू. बेब रूथनंतर शंभर वर्षांत या दोन्ही गोष्टी इतक्या तोलाने करणारा दुसरा कुणी झाला नाही. लॉस एंजेलिसच्या एंजल्स संघाशी त्याचा करार संपला होता आणि तो टोरांटोच्या ब्लू जेजकडे चाललाय, असं सगळे धरून चालले होते. स्टेडियमजवळचं एक सुशीचं हॉटेल त्याच्या स्वागतासाठी पूर्ण राखून ठेवलंय, अशीही पुडी कुणीतरी सोडली. विमान उतरलं. आतून रॉबर्ट हर्जावेक नावाचे कॅनेडियन उद्योगपती कुटुंबासह बाहेर आले. टीव्हीवरच्या ‘शार्क टँक’मधले तेच ते. दुसऱ्या दिवशी ओतानीने स्वतः जाहीर केलं, की आपण लॉस एंजेलिस डॉजर्सकडे जातोय. दहा वर्षं, ७० कोटी डॉलर. त्यातले ६८ कोटी करार संपल्यानंतर मिळायचे.

हे सगळं चालू होतं तेव्हा मेजर लीगमध्ये बेसबॉलचा एकही चेंडू पडत नव्हता. त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम लढत, १ नोव्हेंबरलाच आटोपली होती.

या रिकाम्या महिन्यांना बेसबॉलवाल्यांनी एक झकास नाव दिलेलं आहे: हॉट स्टोव्ह लीग, तापल्या शेगडीची लीग. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या लहान गावांत किराणा मालाच्या दुकानात मधोमध लोखंडी शेगडी असायची. बाहेर बर्फ. शेतीची कामं थांबलेली. मग गावातली रिकामी मंडळी शेगडीभोवती पाय शेकत बसायची आणि गेल्या मोसमाची उणीदुणी काढायची नि पुढच्या मोसमाचे मनोरे रचायची. आपल्याकडे जे काम पार करतो, ते तिथे शेगडीने केलं. दुकानं गेली, शेगड्या गेल्या, नाव तेवढं राहिलं. आजही डिसेंबरात वर्तमानपत्रं ‘शेगडी तापली’ असं लिहितात तेव्हा कुठल्या तरी खेळाडूची अदलाबदल होऊ घातलेली असते.

आपल्याला हे पटकन उमगत नाही, कारण आपल्या क्रिकेटला आता सुट्टी म्हणून उरलेली नाही. बेसबॉलचं उलट आहे. मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोज एक. सहा महिने हा खेळ घरात पाहुण्यासारखा नव्हे, तर घरच्या माणसासारखा वावरतो. आणि मग एके दिवशी अचानक सगळं बंद. फेब्रुवारीच्या मध्यावर ॲरिझोना आणि फ्लोरिडाच्या उन्हात पिचर आणि कॅचर सरावाला हजर होतात, तोवर बोलण्यापलीकडे दुसरं काही करता येत नाही. पण बोलायला सामने नसले की माणूस कशावर बोलतो? मला वाटतं, शेगडीभोवतीचे सगळे विषय फिरून फिरून एकाच प्रश्नापाशी येतात: कुणाच्या अंगात कुणाचे कपडे? पुढच्या वर्षी आपली जर्सी कोण घालणार, आपला कोण दुसऱ्याची घालणार, आणि मेल्यानंतर कुणाच्या डोक्यावर कुठली टोपी राहणार.

या प्रश्नाचं सगळ्यात प्रसिद्ध उत्तर १९१९ च्या नाताळात दिलं गेलं. २६ डिसेंबरला बोस्टन रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी यांनी बेब रूथ न्यूयॉर्क यँकीजला एक लाख डॉलरला विकला. वर बोस्टनचं फेनवे पार्क तारण ठेवून यँकीजच्या मालकाकडून मोठं कर्जही घेतलं. बातमी जानेवारीत फुटली. तोवर रेड सॉक्सने पाच वर्ल्ड सिरीज जिंकल्या होत्या आणि यँकीजने एकही नाही. रूथने बोस्टनकडून १९१९ मध्ये २९ होम रन मारले होते; न्यूयॉर्ककडून पुढच्याच वर्षी ५४. आणि बोस्टनला १९१८ नंतरची वर्ल्ड सिरीज बघायला २००४ साल उजाडावं लागलं. शहाऐंशी वर्षं बोस्टनच्या शेगड्यांना या एका विषयाचं सरपण पुरलं.

रूथला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न मात्र त्या काळी कुणाला पडला नसता. विचारण्याची पद्धतच नव्हती. खेळाडूच्या करारात एक कलम असायचं: करार संपला आणि नव्या करारावर सही झाली नाही, तर क्लबला तोच करार आणखी एका वर्षासाठी वाढवता येईल. ते वर्ष संपलं की? पुन्हा एक वर्ष. मालकांच्या वाचनाप्रमाणे हे चक्र खेळाडू निवृत्त होईपर्यंत फिरू शकत होतं. क्लब त्याला विकू शकत होता, बदलू शकत होता. तो मात्र आपणहून कुठेच जाऊ शकत नव्हता.

१९६९ च्या ऑक्टोबरात सेंट लुईस कार्डिनल्सने आपल्या कर्ट फ्लड या अव्वल क्षेत्ररक्षकाला फिलाडेल्फियाशी अदलाबदलीत देऊन टाकलं. बारा मोसम एका गावात काढलेला हा कृष्णवर्णीय खेळाडू जायला तयार नव्हता. २४ डिसेंबरला त्याने बेसबॉल आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहून कळवलं, की मी विकत घेण्या-विकण्याची वस्तू नाही. आयुक्तांनी त्याला मोकळं करायला नकार दिला, फ्लड कोर्टात गेला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२ मध्ये ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. १९७० चा अख्खा मोसम त्याने घालवला आणि नंतर जेमतेम तेरा सामने खेळून त्याची कारकीर्द संपली. हरलेल्या माणसाने वाट मात्र मोकळी केली होती. दहा वर्षं मेजर लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला त्याच्या मर्जीविरुद्ध दुसरीकडे पाठवता येणार नाही, हा नियम पुढे आला तो याच भांडणातून.

कुलूप उघडलं ते आणखी एका डिसेंबरात. अँडी मेसरस्मिथ या डॉजर्सच्या पिचरने १९७५ चा संपूर्ण मोसम करारावर सही न करता खेळून काढला आणि मग म्हणाला: कलमात ‘एक वर्ष’ लिहिलंय, ते झालं, आता मी मोकळा. पीटर सायट्झ या लवादाने २३ डिसेंबर १९७५ रोजी हा अर्थ मान्य केला. एक वर्ष म्हणजे एक वर्ष. एवढ्या सरळ वाचनाला जवळजवळ शतक लागलं. मालकांनी सायट्झ यांना लगोलग लवादपदावरून काढून टाकलं. पण शेगडीभोवतीच्या गप्पांचा नूरच त्या दिवशी बदलला. आधी लोक ‘मालक कुणाला विकणार’ असं बोलायचे. आता ‘हा कुणाकडे जाणार’ असं बोलू लागले. आज नवा खेळाडू साधारण सहा मोसम क्लबच्या मुठीत असतो, त्यानंतर बाजारात उतरतो. ओतानीच्या विमानामागे धावणारी जनता ही मेसरस्मिथच्या त्या न केलेल्या सहीची देणगी आहे.

मोकळा झालेला मेसरस्मिथ गेला अटलांटा ब्रेव्हजकडे. मालक होते टेड टर्नर, पुढे सीएनएन काढणारे. तेव्हा त्यांच्याकडे अटलांटातलं एक टीव्ही केंद्र होतं आणि ते चॅनल १७ वर दिसायचं. टर्नर यांनी आपल्या नव्या, महागड्या पिचरला १७ नंबर दिला आणि पाठीवर त्याच्या नावाच्या जागी टोपणनाव म्हणून लिहिलं: ‘चॅनल’. म्हणजे तो पाठ फिरवून उभा राहिला की झाली जाहिरात! लीगने हा चावटपणा थांबवायला लावला. पण गंमत बघा. स्वातंत्र्याची लढाई जिंकलेल्या माणसाच्या पाठीवर त्याचं स्वतःचं नावही शिल्लक राहिलं नव्हतं.

पाठीवरचे नंबर बेसबॉलमध्ये मुळात होतेच कुठे! १९१६ मध्ये क्लीव्हलँडने बाहीवर लावून पाहिले, टिकले नाहीत. १९२९ मध्ये यँकीज आणि क्लीव्हलँड यांनी पाठीवर मोठे आकडे आणले. यँकीजने ते फलंदाजीच्या क्रमाने वाटले. रूथ तिसरा यायचा म्हणून ३, लू गेरिग चौथा म्हणून ४. नावं आली आणखी एकतीस वर्षांनी, शिकागो व्हाइट सॉक्सच्या जर्सीवर. यँकीजच्या जर्सीवर आजही नाव नसतं. ज्याला आम्ही ओळखीचे वाटत नाही त्याने आधी बेसबॉल शिकून यावं, असा काहीसा हा खाक्या.

क्रमवारीची खूण म्हणून आलेला आकडा खेळाडूंना मात्र चिकटला. संघ बदलला की जुना नंबर नव्या संघात कुणाकडे तरी असतो आणि मग हिवाळ्यात सौदे होतात. मिच विल्यम्स फिलाडेल्फियाला आला तेव्हा त्याला हवा असलेला २८ नंबर जॉन क्रककडे होता. क्रकने तो बिअरच्या दोन पेट्यांवर सोडला, असं सांगतात. १९९३ मध्ये रिकी हेंडरसनने टोरांटोत २४ नंबरसाठी टर्नर वॉर्डला २५,००० डॉलर मोजले. भाव चढतच गेला. ओतानी डॉजर्सकडे आला तेव्हा तिथे १७ नंबर होता जो केलीच्या पाठीवर. केलीच्या बायकोने तर ओतानी यावा म्हणून हा नंबर देऊ करणारी गमतीची मोहीमच समाजमाध्यमांवर उघडली होती. तो आला, केलीने ९९ घेतला आणि एके दिवशी दारात बाईंसाठी ओतानीने पाठवलेली पोर्श गाडी उभी राहिली. वर्षभराने हुआन सोटो १५ वर्षांच्या ७६ कोटी ५० लाखांच्या करारावर न्यूयॉर्क मेट्सकडे गेला, तेव्हा २२ नंबर सोडणाऱ्या ब्रेट बेटीच्याही दारात एसयूव्ही आली. आकड्याला भावनेचं मोल असतं म्हणतात. इथे ते शोरूममध्ये विचारून सांगता येतं.

काही आकडे मात्र कुठल्याच गाडीने मिळत नाहीत. १५ एप्रिल १९९७ ला मेजर लीगने तिथली वर्णभेदाची भिंत मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनचा ४२ नंबर सगळ्या संघांसाठी एकदमच बंद केला. आधीपासून तो घालणाऱ्यांना सवलत होती. त्यातला शेवटचा मारियानो रिव्हेरा २०१३ मध्ये निवृत्त झाला. आता दर १५ एप्रिलला उलटं होतं: मैदानावरचा प्रत्येक जण ४२ घालतो. आपल्याला ही भावना परकी नाही. २०१७ मध्ये पालघरच्या शार्दूल ठाकूरने कोलंबोत पहिला एकदिवसीय सामना खेळताना १० नंबर घातला, तेव्हा सचिनच्या चाहत्यांनी त्याला काय काय ऐकवलं ते आठवत असेल. बिचाऱ्याने पुढे ५४ घेतला.

रॉबिन्सनविषयी शेगडीभोवती एक गोष्ट हमखास निघते. १३ डिसेंबर १९५६ ला ब्रुकलिन डॉजर्सने त्याला न्यूयॉर्क जायंट्सला देऊन टाकलं. एकाच शहरातले हे दोन हाडवैरी. आणि रॉबिन्सन म्हणाला, की जायंट्सचे कपडे घालण्यापेक्षा मी खेळणं सोडेन, आणि सोडलं! गोष्ट ऐकायला फार गोड आहे. फक्त तशी घडलेली नाही. रॉबिन्सनचा निवृत्तीचा निर्णय आधीच झाला होता, एका कॉफी कंपनीत त्याची नोकरी ठरली होती आणि निवृत्तीचा लेख ‘लुक’ मासिकाला विकलेला होता. लेख छापून येईपर्यंत गप्प बसणं भाग होतं, तेवढ्यात क्लबने त्याला देऊन टाकलं. पण चाहत्याला कॉफी कंपनी नको असते. त्याला कपड्यांशी इमान हवं असतं, म्हणून ते तो रॉबिन्सनच्या पदरात घालतो.

अशीच दुसरी दंतकथा यँकीजच्या उभ्या रेघांची. पोट सुटलेला रूथ बारीक दिसावा म्हणून पांढऱ्या जर्सीवर निळ्या रेघा आणल्या म्हणे. रेघा १९१२ मध्ये पहिल्यांदा आल्या आणि १९१५ पासून कायमच्या झाल्या. रूथ न्यूयॉर्कला आला १९२० मध्ये, आणि १९१५ मध्ये तो बोस्टनचा चांगला सडपातळ पिचर होता. तारखा मांडल्या की गोष्ट कोसळते, तरी दर हिवाळ्यात कुणीतरी ती नव्याने सांगतंच.

खऱ्या गोष्टी कधीकधी दंतकथेहून विचित्र असतात. रेड सॉक्स हे नावच घ्या. १८६९ मध्ये सिनसिनाटीचा रेड स्टॉकिंग्ज हा उघडपणे पगारी खेळाडूंचा पहिला संघ झाला. गुडघ्यापर्यंतची तुमान आणि खाली लालभडक मोजे ही त्यांची ओळख. तो संघ मोडला तेव्हा हॅरी राइट यांनी नाव आणि मोजे दोन्ही बोस्टनला नेले. पुढे १९०७ मध्ये त्या बोस्टनच्या संघाला धास्ती वाटली, की बुटाच्या खिळ्यांनी पोटरी फाटली तर मोज्याचा लाल रंग जखमेत उतरून ती चिघळेल. त्यांनी लाल मोजे टाकले. गावातल्या दुसऱ्या संघाचे मालक जॉन टेलर यांनी त्याच डिसेंबरात ते उचलले आणि आपल्या संघाचं नाव ठेवलं रेड सॉक्स. रंगाच्या त्याच भीतीपोटी खेळाडू आत पांढरा मोजा आणि वर तळवा नसलेला रंगीत मोजा घालू लागले. जुन्या फोटोंत पोटरीवर रंग आणि घोट्यापाशी पांढरी कमान दिसते ती ही.

कपड्यांच्या बाकीच्या भानगडी भराभर सांगतो. १९७० पर्यंत खेळाडू ऐन उन्हाळ्यात लोकरी फ्लॅनेल घालून घामाने निथळायचे. त्या जुलैत पिट्सबर्ग पायरेट्सने नव्या स्टेडियमबरोबर पॉलिएस्टर आणलं. ओकलंडचे मालक चार्ली फिन्ली यांनी हिरवा-सोनेरी पोशाख आणि पांढरे बूट आणले, १९७२ मध्ये मिशा वाढवणाऱ्याला ३०० डॉलर दिले आणि त्या मिशाळ संघाने लागोपाठ तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. यँकीजने १९७६ पासून दाढीवर बंदी घातली. २००५ च्या डिसेंबरात बोस्टनचा जटाधारी जॉनी डेमन तिकडे गेला तेव्हा त्याला भादरून घ्यावं लागलं. ती बंदी २०२५ च्या फेब्रुवारीत सैल झाली. बिल व्हेक यांनी १९७६ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सला चक्क हाफ पँट घातली. मातीत घसरत जाण्याच्या खेळात उघडे गुडघे! तीन सामन्यांत प्रयोग गुंडाळला. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत नव्या हलक्या जर्सी आल्या तेव्हा पाठीवरची अक्षरं इतकी बारीक नि पँट इतक्या पातळ, की आत खोचलेल्या सदऱ्याचं टोक बाहेरून दिसत होतं. खेळाडूंची संघटनाही बोलली. पुढच्या वर्षी अक्षरं पुन्हा मोठी झाली.

जानेवारीत शेगडी जुन्या खेळाडूंकडे वळते, कारण तेव्हा कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेमचा निकाल लागतो. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी नाव मतपत्रिकेवर येतं, बेसबॉलवर लिहिणारे पत्रकार मतं देतात, ७५ टक्के मिळाली की आत. दहा वर्षांत नाही मिळाली की नाव उतरतं. शंभर टक्के मतं मिळालेला पहिला खेळाडू रिव्हेरा, २०१९ मध्ये. इचिरो सुझुकीला २०२५ मध्ये ३९४ पैकी ३९३ मिळाली, आणि तो एक पत्रकार कोण, यावर महिनाभराचं सरपण मिळालं.

पण खरा वाद मतांचा नसतो, टोपीचा असतो. निवडलेल्या खेळाडूचा चेहरा ब्राँझच्या पाटीवर कोरतात, आणि डोक्यावरच्या टोपीवर एकच खूण बसते. पूर्वी यात खेळाडूचा शब्द चालायचा. या शतकाच्या सुरुवातीपासून शेवटचा शब्द हॉल ऑफ फेमच्या संग्रहालयाचा. गॅरी कार्टरने १९८६ ची वर्ल्ड सिरीज मेट्सकडून जिंकली होती आणि त्याला टोपी मेट्सची हवी होती. संग्रहालयाने २००३ मध्ये माँट्रियल एक्स्पोजची दिली, कारण मोसम जास्त तिथे. आंद्रे डॉसनला २०१० मध्ये शिकागो कब्जची हवी होती, त्यालाही एक्स्पोज. २००५ मध्ये एक्स्पोज माँट्रियल सोडून वॉशिंग्टनला जाऊन नॅशनल्स झाले होते. म्हणजे डॉसनच्या ब्राँझच्या डोक्यावर त्याला नको असलेल्या आणि तोवर अस्तित्वातच नसलेल्या संघाची टोपी बसली. ग्रेग मॅडक्सने मधला मार्ग काढला: टोपी आहे, खूण नाही.

पाच वर्षं थांबण्याचा नियम ज्याच्यासाठी मोडला, त्याची गोष्टही हिवाळ्यातलीच. पायरेट्सच्या रोबेर्तो क्लेमेंतेने ३० सप्टेंबर १९७२ ला आपला तीन हजारावा हिट मारला. २३ डिसेंबरला निकाराग्वात मानाग्वा शहर भूकंपाने उद्ध्वस्त झालं. मायदेशी पोर्तो रिकोत क्लेमेंतेने मदत गोळा केली आणि ३१ डिसेंबरच्या रात्री सामान भरलेल्या जुनाट विमानात स्वतः बसला. उड्डाणानंतर लगेचच ते समुद्रात कोसळलं. त्याच्या नावावर बरोबर ३,००० हिट राहिले. १९७३ चा मोसम पायरेट्स बाहीवर काळ्या वर्तुळात २१ हा त्याचा नंबर लावून खेळले, आणि त्याच वर्षी तो कूपर्सटाउनमध्ये गेला.

पाटीवर नाव कोरलं गेलं ‘रोबेर्तो वॉकर क्लेमेंते’. स्पॅनिश रिवाजात आधी वडिलांचं आडनाव येतं, शेवटी आईचं. वॉकर हे आईचं. अमेरिकनांनी ते मधलं नाव समजून मध्ये ढकललं. जिवंतपणीही वर्षानुवर्षं त्याच्या बेसबॉल कार्डांवर ‘बॉब क्लेमेंते’ छापलं जायचं. सत्तावीस वर्षांनी, २००० मध्ये, संग्रहालयाने पाटी नव्याने ओतली: रोबेर्तो क्लेमेंते वॉकर. त्याने २१ नंबर का निवडला, हे पिट्सबर्गमध्ये विचारलं तर सांगतात, की इंग्रजी लिपीत त्याच्या पूर्ण नावाची अक्षरं मोजा. मी मोजली. चुकीच्या पाटीवरही ती एकवीसच भरत होती.